पोलिसांच्या लेकरांची कैवारी

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या रस्त्यांवर गस्त घालणारा पोलीस शिपाई खऱ्या अर्थाने एकटा होता. उच्चभ्रू समाज त्याला चाकर समजे, गरीब वस्ती त्याचा दुस्वास करी आणि सरकार त्याच्याकडून आठवड्याचे सातही दिवस काम करून घेई. पोलिसांच्या साप्ताहिक सुटीचा कायदा होण्यास १९१० साल उजाडावे लागले, यावरून त्याच्या स्थितीची कल्पना यावी. अशा या उपेक्षित शिपायाच्या कुटुंबासाठी ज्या एका स्त्रीने आयुष्य वेचले, तिचे नाव कॅथरिन गर्नी.

कॅथरिन यांचा जन्म १८४८ चा. गर्नी घराण्याकडे ब्रिटिश संसदेच्या लघुलेखनाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. भारतातील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर चाललेल्या महाभियोगातील भाषणेही याच घराण्याने टिपून घेतली. घर सुखवस्तू आणि धर्मपरायण. कॅथरिन लंडनच्या वॉन्ड्सवर्थ भागात कामगारांसाठी बायबलचा वर्ग चालवू लागल्या आणि त्या कामातून पोलिसांचे जगणे त्यांच्या नजरेस आले. १८८३ साली त्यांनी ख्रिश्चन पोलीस असोसिएशनची स्थापना केली. ‘ऑन अँड ऑफ ड्यूटी’ हे मासिकही सुरू केले. प्रारंभी भर होता तो धर्मोपदेश आणि दारूबंदीवर. मात्र शिपायाची खरी चिंता वेगळीच आहे, हे त्यांना लवकरच उमगले. आपण आजारी पडलो तर काय आणि मेलो तर पोरांचे काय, ही ती चिंता होती.

१८९० च्या कायद्याने शिपायाला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला खरा, पण त्यातही मोठी उणीव राहिली. कामावर झालेल्या दुखापतीने तो दगावला तर विधवेला काही मिळे. रात्रीच्या गस्तीत, थंडीपावसात जडलेल्या आजाराने गेला तर तिला निवृत्तिवेतन नसे. ते मिळण्यासाठी ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांना संप करावा लागला. मधल्या तीन दशकांत अशा घरांना आधार कोणाचा? लंडनमधील पोलिसांच्या मुलांसाठी १८७० पासून अनाथालय होते. लंडनबाहेरच्या दलांतील मुलांना तेथे प्रवेश नव्हता.

नेमक्या याच ठिकाणी कॅथरिन पुढे सरसावल्या. १८९० मध्ये त्यांनी होव्ह येथे समुद्रकाठी आजारी पोलिसांसाठी विश्रामधाम काढले. त्याच साली दक्षिणेकडील दलांसाठी अनाथालय सुरू झाले. ते पुढे सरे परगण्यातील रेडहिल येथे स्थिरावले. उत्तरेकडील दलांसाठी १८९८ मध्ये हॅरोगेट येथे दुसरे अनाथालय उभे राहिले. धनिकांच्या देणग्या त्यांनी मिळवल्याच, पण साध्या शिपायांच्या पगारातून येणाऱ्या तुटपुंज्या वर्गणीला त्यांच्या योजनेत मानाचे स्थान होते. वर्गणी भरणाऱ्या बापाच्या मुलाला मदत घेताना मान खाली घालावी लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते कॅथरिन यांची सर्वांत मोठी कामगिरी हीच.

या कामाला एक दुखरी बाजूही होती. अनाथालयात येणाऱ्या अनेक मुलांचे वडीलच तेवढे गेलेले असत. आई जिवंत असे. घरभाडे आणि अन्न यांची तोंडमिळवणी न झाल्याने ती पोटच्या गोळ्याला दूर पाठवी. आज कोणालाही हे क्रूर वाटेल. पण विधवेच्या हाती थेट पैसा द्यावा, हा विचार त्या काळी फारसा रुजलेला नव्हता आणि कॅथरिनही अखेर आपल्या काळाच्याच होत्या.

त्या अविवाहित राहिल्या. १९३० साली, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रेडहिलचे अनाथालय १९४७ मध्ये बंद झाले आणि त्यातून ‘गर्नी फंड’ आकाराला आला. हॅरोगेटचे अनाथालयही १९५६ मध्ये बंद होऊन त्याचे मदतनिधीत रूपांतर झाले. होव्हच्या विश्रामधामाचा वारसा आता गोरिंग येथील ‘फ्लिंट हाऊस’ चालवते. पोलीस आजही पगारातून गर्नी फंडाला वर्गणी देतात. वडील गमावलेल्या मुलाला नियमित भत्ता मिळतो, उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळते आणि ते मूल आपल्या आईजवळच राहते.