पॅट्रिक गेडिस

सर पॅट्रिक गेडिस (२ ऑक्टोबर १८५४ – १७ एप्रिल १९३२) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि आधुनिक नगररचनाशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक होते. औद्योगिक क्रांतीमुळे दाटीवाटीच्या व अनारोग्यकारक झालेल्या शहरांचा कायापालट तेथील रहिवाशांना विस्थापित न करता कसा साधावा, हा त्यांच्या कार्याचा केंद्रविषय होता. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते.

== प्रारंभिक जीवन ==
गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील लष्करात होते. बालपण पर्थ येथे, टेकडीवरील बागेने वेढलेल्या घरात गेले. काही काळ बँकेत नोकरी केल्यानंतर ते लंडनला गेले आणि तेथे टॉमस हेन्री हक्स्ली यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. पुढे फ्रान्समध्ये असताना फ्रेडरिक ल प्ले यांच्या सामाजिक विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. स्थळ, काम आणि लोक या तिन्हींच्या परस्परसंबंधांतून समाज समजून घ्यावा, ही त्यांची पुढील काळातील मांडणी त्यातूनच आकारास आली.

१८७९ साली मेक्सिकोच्या दौऱ्यात त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत काढाव्या लागलेल्या त्या दिवसांत, घडी घातलेल्या कागदाच्या चौकटींना स्पर्श करीत विचारांची मांडणी करण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली. ती त्यांनी आयुष्यभर वापरली.

== एडिनबरा आणि डंडी ==
एडिनबरा येथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नवे शहर वसू लागल्यावर धनिकांनी जुन्या शहरातील घरे सोडली. त्या उंच इमारतींत गरीब कुटुंबे दाटीने राहू लागली व वस्तीला अवकळा आली. १८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यानंतर गेडिस दांपत्य याच भागातील जेम्स कोर्ट येथे राहावयास गेले. त्यांनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन सफाई, रंगरंगोटी व दुरुस्ती हाती घेतली आणि मोकळ्या जागांत बागा फुलविल्या. सरसकट पाडकाम न करता, केवळ मोडकळीस आलेला भाग काढून उजेड व हवेला वाट करून द्यावयाची, ही त्यांची पद्धती येथेच घडली. रुग्णाचा जीव राखून केलेली शस्त्रक्रिया, असे तिचे स्वरूप होते.

१८९२ साली त्यांनी 'आउटलुक टॉवर' या इमारतीत नागरी अभ्यासाचे केंद्र सुरू केले. वरच्या मजल्यावरून शहराचे दर्शन घडे, तर खालच्या मजल्यांवर अनुक्रमे शहर, देश, युरोप आणि जग यांची माहिती मांडलेली असे. योजनेआधी सर्वेक्षण हवे, हे सूत्र त्यांनी येथून रुजविले.

१८८८ ते १९१९ या काळात ते डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. बंगालमधून येणाऱ्या तागावर डंडीच्या गिरण्या चालत.

== शहरविषयक विचार ==
'सिटीज इन इव्होल्यूशन' (१९१५) या ग्रंथात गेडिस यांनी उद्योगयुगाचे दोन टप्पे कल्पिले. पहिला टप्पा कोळसा, वाफ, धूर आणि झोपडपट्ट्यांचा; दुसरा विजेचा, स्वच्छ तंत्राचा आणि निसर्गाशी जुळवून घेण्याचा. दुसरा टप्पा आपोआप येणार नाही, त्यासाठी नागरिकांनी आपले शहर जाणून घेतले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाढत जाऊन एकमेकांत मिसळलेल्या शहरांसाठी 'कॉनर्बेशन' हा शब्दही त्यांनीच रूढ केला.

== भारतातील कार्य ==
मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ साली भारतात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे साहित्य घेऊन येणारे 'क्लॅन ग्रँट' हे जहाज जर्मन युद्धनौका 'एमडेन'ने बुडविले. मित्रांच्या साहाय्याने नवे साहित्य जमवून १९१५ च्या आरंभी मद्रास येथे प्रदर्शन भरविण्यात आले.

पुढील वर्षांत त्यांनी बडोदा, लखनौ, नागपूर, इंदूर आदी अनेक शहरांसाठी अहवाल लिहिले. जुन्या वस्त्यांतून सरळ व रुंद रस्ते काढण्याच्या तत्कालीन योजनांना त्यांचा विरोध होता. अशा योजना खर्चिक असतात आणि त्यांमुळे बेघर झालेले लोक अन्यत्र दाटी करतात, असे त्यांनी दाखवून दिले. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्याऐवजी ते स्वच्छ करून त्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत, असे त्यांनी सुचविले.

इंदूर येथे होळकर दरबाराच्या सेवेत असताना प्लेगच्या पार्श्वभूमीवर त्यांनी एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले. दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यांवरील घरे सर्वाधिक स्वच्छ असतील त्या रस्त्यांवरून निघेल, असे जाहीर होताच शहरभर सफाईची चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमाही होती. इंदूरविषयीचा त्यांचा दोन खंडांतील अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

याच काळात त्यांच्यावर दुहेरी आघात झाला. १९१७ साली थोरला मुलगा अलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. आजारी पत्नीला ही वार्ता सांगण्यात आली नाही आणि काही आठवड्यांतच भारतात तिचेही निधन झाले.

१९१९ साली ते मुंबई विद्यापीठाच्या नव्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या शिफारशीमुळे गोविंद सदाशिव घुर्ये उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले व १९२४ साली त्याच विभागाचे प्रमुख झाले. जगदीशचंद्र बोस यांचे गेडिसलिखित चरित्र १९२० साली प्रसिद्ध झाले.

== उत्तरायुष्य ==
१९२५ साली गेडिस यांनी तेल अवीव शहराचा आराखडा सादर केला. प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे वास्तव्य केले व तेथे 'कॉलेज दे एकोसे' ही संस्था उभारली. १९३२ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

== मूल्यमापन आणि वारसा ==
गेडिस यांच्या अनेक योजना कागदावरच राहिल्या. डनफर्मलिन शहरासाठी १९०४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आराखडा स्वीकारला गेला नाही. त्यांचे लेखनही दुर्बोध मानले जाते. तथापि लुईस ममफर्ड यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे त्यांचे विचार जगभर पोहोचले. एडिनबराचे जुने व नवे शहर १९९५ साली, तर तेल अवीवचे 'श्वेत नगर' २००३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुने उद्योग बंद पडू लागल्यावर त्यांच्या विचारांना नवे महत्त्व आले. डंडीतील ताग उद्योग संपुष्टात आला आणि तेथील नदीकाठाचे पुनरुज्जीवन हाती घेण्यात आले. मुंबईतही १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींचा वापर कोणासाठी व्हावा हा वादाचा विषय ठरला. शहराच्या नूतनीकरणात तेथे आधीपासून राहणाऱ्यांचे स्थान कोणते, हा गेडिस यांनी उपस्थित केलेला प्रश्न अशा शहरांत आजही कायम आहे.