रेणूंचा हिशेब मांडणारा वकील

शालेय रसायनशास्त्रात ‘मोल’ आला की पाठोपाठ ॲव्होगॅड्रो हे नाव येते. मात्र या इटालियन वैज्ञानिकाने मोल हा शब्द योजला नव्हता आणि आपल्या नावाने ओळखली जाणारी संख्याही कधी पाहिली नव्हती. त्यांच्या सिद्धांताचे खरे मोल जगाला कळले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

अमेडिओ ॲव्होगॅड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी तुरीन येथे, वकिलीची परंपरा असलेल्या सरदार घराण्यात झाला. विसाव्या वर्षी त्यांनी धर्मविषयक कायद्यातील डॉक्टरेट मिळविली. मन मात्र गणित व भौतिकशास्त्राकडे ओढले गेले. १८०० च्या सुमारास त्यांनी या विषयांचा खासगीरीत्या अभ्यास आरंभिला आणि १८०९ मध्ये ते व्हर्सेली येथील विद्यालयात प्राध्यापक झाले.

त्या काळी रसायनशास्त्र एका कोड्यात अडकले होते. दोन घनफळ हायड्रोजन व एक घनफळ ऑक्सिजन यांच्या संयोगाने दोन घनफळ वाफ तयार होते, असे गे-ल्युसॅक यांना आढळले होते. डाल्टन यांच्या मते अणू अविभाज्य. मग एका ऑक्सिजनची वाटणी दोन ठिकाणी कशी व्हावी? १८११ मध्ये ॲव्होगॅड्रो यांनी उत्तर मांडले. समान तापमान व दाबाला वायूंच्या समान घनफळात रेणूंची संख्या समान असते. आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा बनलेला असल्याने तो दुभंगू शकतो.

एकाच मूलद्रव्याचे दोन अणू परस्परांशी जोडले जातात, ही कल्पनाच डाल्टन व बर्झेलियस यांच्यासारख्या दिग्गजांना अमान्य होती. १८२० मध्ये तुरीन विद्यापीठात ॲव्होगॅड्रो यांना गणितीय भौतिकीचे अध्यासन मिळाले. परंतु १८२१ च्या राजकीय उठावानंतर ते लवकरच रद्द झाले. १८३४ मध्ये ते पुन्हा त्या पदावर आले आणि १८५० मध्ये निवृत्त झाले. ९ जुलै १८५६ रोजी त्यांचे निधन झाले.

दरम्यान रसायनशास्त्रात गोंधळ माजला होता. एकट्या ॲसेटिक आम्लाची एकोणीस सूत्रे प्रचारात होती. १८६० मध्ये कार्ल्सरूह येथील परिषदेत कॅनिझारो यांनी ॲव्होगॅड्रो यांच्या सिद्धांताच्या आधारे अणुवस्तुमानांचा मेळ घालून दाखविला आणि वाट मोकळी झाली. पुढे ओस्टवाल्ड यांनी मोल ही संज्ञा रूढ केली, तर १९०९ मध्ये पेरँ यांनी एका मोलमधील कणांच्या संख्येला ॲव्होगॅड्रो यांचे नाव दिले.

या हिशेबाचा उपयोग वालचंदनगरच्या परिसरात चटकन उमगावा. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील माळरानावर उभारलेल्या साखर कारखान्याभोवती हे गाव वसले. तोडलेल्या उसाच्या गाळपास विलंब झाला की त्यातील साखरेचे पाण्याशी संयोग होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज बनते, उतारा घसरतो. आणि उसाचा दर तर उताऱ्याशीच बांधलेला असतो. या क्रियेत साखरेच्या एका रेणूला पाण्याचा एक रेणू लागतो. रेणू तराजूत एकेक मोजता येत नाहीत. पण साखरेचे रेणुवस्तुमान ३४२ आणि पाण्याचे १८ असल्याने ३४२ ग्रॅम साखर व १८ ग्रॅम पाणी यांत रेणूंची संख्या सारखीच, म्हणजे प्रत्येकी एक मोल. त्यांतून १८० ग्रॅम ग्लुकोज व १८० ग्रॅम फ्रुक्टोज मिळते. हिशेब ३६० ग्रॅमवर तंतोतंत जुळतो. रासायनिक क्रिया वजनाच्या नव्हे, तर कणसंख्येच्या प्रमाणात घडतात आणि मोल हा त्या दोहोंमधील दुवा आहे, एवढे ध्यानी आले की विद्यार्थ्याची निम्मी भीती ओसरते.

२० मे २०१९ पासून मोलची नवी व्याख्या अमलात आली. ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण म्हणजे एक मोल. हयातीत उपेक्षित राहिलेल्या या वकिलाचे नाव आज मापनाच्या एका मूलभूत एककाशी कायमचे जोडले गेले आहे.