रेव्हरंड नारायण वामन टिळक : प्रार्थना, अनुताप आणि काव्य

१. प्रस्तावना

मागील घटकात तुम्ही संतांच्या करुणापर अभंगांचा परिचय करून घेतला. स्वतःचे दोष देवापुढे उघड करणे आणि त्यालाच मार्ग विचारणे ही त्या अभंगांची भूमिका होती. हीच भूमिका एका वेगळ्या श्रद्धेच्या परिसरात, पण त्याच अभंगछंदात, रेव्हरंड टिळकांनी मांडली. त्यांच्या काव्यातील प्रार्थनेचा अर्थ समजण्यासाठी त्यांचे चरित्र जाणून घेणे आवश्यक आहे.

२. जडणघडण

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील तापट होते, तर आई भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. आईचे छत्र लवकर हरपले आणि नारायण घर सोडून नाशिकला आला. तेथे त्याचे संस्कृतचे अध्ययन झाले. पुढे लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. परंतु संसार एका ठिकाणी स्थिरावला नाही. शिक्षकाची नोकरी, कीर्तन, काव्य, संपादन अशी कामे करीत टिळक गावोगाव फिरत राहिले. विद्वत्ता होती, औदार्य होते; पण रागावर ताबा नव्हता आणि पैसा हाती टिकत नव्हता. घर सोडून अचानक निघून जाण्याच्या त्यांच्या सवयीचा त्रास लक्ष्मीबाईंना सोसावा लागला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे कोणतीही सारवासारव न करता आले आहे. टिळकांच्या प्रार्थनेतील पापाची जाणीव केवळ तात्त्विक नव्हती, हे ध्यानात घेण्यासाठी हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

३. शोध आणि धर्मांतर

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळक भारावून गेले. कृतीइतकाच मनातील हेतूही तपासणारी, शत्रूवरही प्रेम करावयास सांगणारी ती शिकवण होती. रागीट स्वभावाच्या या माणसाला तिने अंतर्मुख केले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तांनी त्यांना दूर केले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या सुमारे पाच वर्षे पतीपासून वेगळ्या राहिल्या. ज्या मार्गाने टिळकांना शांती लाभली, त्याच मार्गाने त्यांच्या पत्नीच्या वाट्याला मात्र विरह आला. पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. जातिभेदाची बंधने त्यांच्या मनातून एकदम गेली नाहीत. ती हळूहळू आणि स्वानुभवाने गळून पडली.

४. प्रार्थनेचे स्वरूप

ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे केवळ एखादी चूक नव्हे. ती माणसावर सत्ता गाजविणारी शक्ती मानली जाते. चांगले काय ते कळूनही हातून वाईट घडते, हा अनुभव संत पौलाच्या पत्रांत ठळकपणे येतो. म्हणून तेथील प्रार्थनेत क्षमेबरोबरच त्या सत्तेपासून सुटकेची मागणी असते. मराठी संतांनीही षड्रिपूंपुढील हतबलता आणि अनुताप उत्कटपणे व्यक्त केला होता. टिळकांना हे दोन प्रवाह परस्परविरोधी वाटले नाहीत. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे परकीय चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांऐवजी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांतून त्यांनी उपासना घडविली. त्यांची अनेक गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायिली जातात. ‘अभंगांजली’तील त्यांचा भक्त ख्रिस्ताला माउली आणि सद्गुरू मानतो, मार्ग विचारतो आणि अहंकारातून सोडविण्याची विनवणी करतो.

५. अखेरचे पर्व

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी दीर्घकाळ काम केले आणि ‘ज्ञानोदय’च्या संपादनाचीही धुरा वाहिली. तरीही शोध थांबला नव्हता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते सातारा येथे राहावयास गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. एके काळी या श्रद्धेमुळेच पतीपासून दुरावलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

६. समारोप

टिळकांचा स्वभाव बाप्तिस्म्याच्या दिवशी पालटला नाही. राग येत राहिला, पश्चात्तापही होत राहिला. म्हणूनच त्यांच्या लेखी प्रार्थना हा एका दिवसाचा विधी नव्हता, तर आयुष्यभराचा अभ्यास होता. हे लक्षात घेऊन त्यांचे अभंग वाचल्यास त्यांतील आर्तता अधिक स्पष्ट होते.

७. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

(१) टिळकांच्या काव्यातील पापाच्या जाणिवेचा त्यांच्या स्वभावाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
(२) संतांचे करुणापर अभंग आणि टिळकांची प्रार्थना यांतील साम्यभेद सांगा.
(३) टिळकांच्या धर्मांतराचा लक्ष्मीबाईंच्या जीवनावर झालेला परिणाम तुमच्या शब्दांत लिहा.