दोन घरं जोडणारे बॅरिस्टर : सर हरिसिंग गौर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, आणि पाठोपाठ गणपती. जांब नदीच्या एका काठचा मुलगा दुसऱ्या काठच्या सावरगावची मुलगी घेऊन निघाला आणि भर पात्रात दोघांवर दगड बरसले, ही गोटमारीची आख्यायिका आपल्या घरोघरी ठाऊक आहे. अशा जोडप्यांना कायद्याचा आधार मिळावा म्हणून झटलेल्या एका वकिलाचे यंदा आम्ही स्मरण करीत आहोत. ते मराठी नव्हते. पण पांढुर्णा-सौंसर ज्या जुन्या मध्य प्रांतात होते आणि ज्याची राजधानी नागपूर होती, त्याच प्रांताचे ते सुपुत्र.

हरिसिंग गौर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७० रोजी सागर येथे, बेताच्या परिस्थितीत झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर ते शिकले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातून पुढे केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले. रायपूर व नागपूर येथे त्यांनी वकिली केली, हिंदू कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. नागपूर नगरपालिकेचे ते अध्यक्षही होते.

त्या काळी दोन जातींतल्या मुलामुलींना लग्न करायचे तर मार्ग होता १८७२ च्या कायद्याचा. पण त्यासाठी दोघांनाही आपण हिंदू नाही, बौद्ध, शीख किंवा जैनही नाही, असे लिहून द्यावे लागे. लग्न हवे तर धर्म सोडा, असाच तो सौदा होता. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये आंतरजातीय विवाहाचे विधेयक आणले, पण ते तडीस गेले नाही. केंद्रीय विधिमंडळात निवडून गेल्यावर गौर यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. सनातन्यांचा विरोध सोसून १९२३ मध्ये त्यांनी दुरुस्ती मंजूर करून घेतली. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना धर्म न सोडता एकमेकांत विवाह करण्याची मुभा मिळाली.

हा विजय अपुरा होता, हेही सांगितले पाहिजे. असे लग्न करणारा मुलगा एकत्र कुटुंबातून कायद्याने वेगळा झाला असे धरले जाई, त्याचा दत्तक घेण्याचा हक्क जाई. उलट त्याच्या वडिलांना, दुसरा मुलगा हयात नसेल तर, दत्तक घेता येई. हिंदू-मुसलमान विवाहाला तर ही सवलत नव्हतीच. ती वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने खुली झाली. दोघेही हिंदू असतील तर कुटुंबापासून वेगळे होण्याची अट १९७६ मध्ये गेली.

स्त्रियांना वकिली करता यावी, असा आग्रह गौर यांनी विधिमंडळात धरला. १९२३ मध्ये तसा कायदाही झाला. मुलींच्या संमतिवयाचा प्रश्न त्यांनी लावून धरला. त्यातूनच अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. पुढे नागपूर विद्यापीठाचेही झाले. आयुष्यभराच्या कमाईतले २० लाख रुपये देऊन १९४६ मध्ये त्यांनी सागर विद्यापीठ उभे केले. संविधान सभेचे सदस्य असलेले गौर २५ डिसेंबर १९४९ रोजी निवर्तले.

आज आपल्या मराठी घरांत हिंदी बोलणाऱ्या सुना आहेत, दुसऱ्या जातीतले जावई आहेत, आणि आरतीला सारे एकत्र उभे राहतात. कायद्याने वाट मोकळी केली. दार उघडायचे काम मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांचे. ते आपण करीत राहू, हेच सर हरिसिंग गौर यांना अभिवादन.