मुक्या जिवांची भूक ओळखणारे साईबाबा

आपल्या जिल्ह्यातील शिर्डीला देशभरातून लोक येतात ते साईबाबांच्या समाधीच्या दर्शनाला. पण बाबांचे सारे आयुष्य गेले ते गावातल्या एका पडक्या मशिदीत. धुपखेड्याच्या चांद पाटलांकडील लग्नाच्या वऱ्हाडासोबत हा तरुण फकीर शिर्डीत आला. खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापतींनी त्याला साई म्हणून हाक मारली आणि पुढे तेच नाव झाले. आपली जात, मूळ गाव, खरे नाव बाबांनी कधीच सांगितले नाही. मशिदीला ते द्वारकामाई म्हणत. तिथे धुनी अखंड पेटलेली असे आणि अब्दुलबाबा कुराणाचे वाचन करीत.

बाबांच्या चमत्कारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रमजानच्या दिवसांत आठवण होते ती त्यांच्या एका साध्या नेमाची. खांद्याला झोळी आणि हातात पत्र्याचे टमरेल घेऊन ते ठरलेल्या घरी भिक्षा मागत. भाकरी झोळीत, कालवण टमरेलात. मशिदीत आल्यावर ते सगळे एका मातीच्या कुंडीत पडे. त्या कुंडीत कुत्री, मांजरे, कावळे खुशाल तोंड घालीत. बाबा त्यांना कधी हाकलत नसत. मशीद झाडणारी बाईही त्यातल्याच भाकरी घरी नेई.

गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या ‘श्री साईसच्चरित’ या ग्रंथात एक प्रसंग आहे. एका संध्याकाळी बाबांनी लक्ष्मीबाई शिंदे यांना आपल्याला भूक लागल्याचे सांगितले. बाईंनी घाईने घरी जाऊन भाकरी करून आणली. बाबांनी ती उचलून समोरच्या कुत्र्याला घातली. बाईंना साहजिकच वाईट वाटले. तेव्हा बाबांनी समजावले, की कुत्र्याच्या पोटातली भूक आणि माणसाच्या पोटातली भूक एकच आहे. कोणी ती बोलून दाखवतो, कोणाला बोलता येत नाही, एवढाच फरक.

हा केवळ श्रद्धेचा भाग आहे का? त्याच एकोणिसाव्या शतकात, १८७१ मध्ये, चार्ल्स डार्विनने माणसाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात मांडले, की माणूस आणि वरच्या प्राण्यांच्या मनात फरक मोठा असला तरी तो कमी-अधिकपणाचा आहे, जातीचा नाही. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना उंदराच्या जठरात भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक सापडले. तेच संप्रेरक आपल्याही जठरात तयार होते. भुकेची जाणीव सांभाळणारा मेंदूचा भाग माशापासून माणसापर्यंत सर्व पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत आहे. ज्या जिवाला भूक टोचली तो अन्न शोधायला निघाला आणि तगला. म्हणजे ही जाणीव माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची आहे. २०१२ मध्ये केंब्रिजला जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर केले, की जाणिवेसाठी लागणारी मेंदूतील यंत्रणा एकट्या माणसाकडे नाही. ती सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांतही आहे.

कुराणातही जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना माणसांसारखेच समुदाय म्हटले आहे. तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाचे गुन्हे अल्लाहने माफ केले, ही हदीस तर सर्वपरिचित आहे. त्या माणसाला कुत्र्याची तहान समजली, कारण थोड्या वेळापूर्वी तो स्वतः तहानेने व्याकूळ झाला होता.

मग माणसाचे वेगळेपण कशात? समोर अन्न असताना नियत करून सूर्यास्तापर्यंत थांबणे माणसालाच जमते. पण असे थांबून दुसऱ्याची भूक कळली नाही, तर त्या थांबण्याला काय अर्थ? बाबांना देहाला पीडा देणे मंजूर नव्हते. ते स्वतः उपाशी राहत नसत. तीन दिवस उपास करण्याच्या निश्चयाने आलेल्या एका बाईंना त्यांनी सणाच्या दिवशी पुरणपोळ्या करून सर्वांना वाढायला आणि स्वतःही खायला सांगितले होते. रोजातही आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. रोजची भूक इफ्तारला संपते. तिची आठवण मागे राहावी, एवढीच अपेक्षा.

बाबांच्या निधनाच्या सात दिवस आधी काही दरवेशी एक आजारी वाघ साखळदंडांनी जखडून गाडीतून शिर्डीत घेऊन आले. वाघाचे खेळ करून ते पोट भरत. मशिदीच्या पायरीशी बाबांकडे बघत त्या वाघाने प्राण सोडला. त्याच्या मनात त्या क्षणी काय होते, हे कोण सांगणार? बाबांनी मात्र त्याला महादेवाच्या देवळाजवळ रीतसर मूठमाती द्यायला लावली.

१५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, बाबांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी त्यांनी खिशात हात घालून लक्ष्मीबाईंना आधी पाच आणि मग चार, असे नऊ रुपये दिले. कुत्र्याला भाकर घातलेल्या त्या संध्याकाळनंतर या बाई रोज बाबांसाठी भाकरी आणि दूध आणत आल्या होत्या.

आज इफ्तारच्या दस्तरखानावर बसताना दाराबाहेर पाण्याचे एक भांडे आणि भाकरीचा एक तुकडा ठेवायला फार काही लागत नाही. मगरिबच्या अजानपर्यंत जे आपल्याला जाणवत होते, तेच बाहेर उभ्या असलेल्या मुक्या जिवालाही जाणवत असते.