अदृश्य किरणांचे संशोधक विल्यम हर्शेल

वसई : वालीव, सातिवली परिसरात पुठ्ठ्याची खोकी बनविणाऱ्यांना पावसाळ्यात कागदाने ओल धरण्याची धास्ती असते. ओला कागद मऊ पडतो, फार कोरडा घडीवर तडकतो. म्हणूनच कागद गिरण्यांत धावत्या कागदातील ओलावा इन्फ्रारेड सेन्सरने मोजला जातो. या मापनाचा आधार असलेले अवरक्त किरण १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी शोधले.

हर्शेल यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. त्या वेळी मराठ्यांची वसई मोहीम सुरू होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. वडिलांप्रमाणेच हर्शेल लष्करी बँडमध्ये वादक होते. १७५७ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि बाथ शहरात ऑर्गनवादक म्हणून नावारूपास आले. पुढे आकाशनिरीक्षणाचा ध्यास लागल्यावर त्यांनी दुर्बिणीचे धातूचे आरसे स्वतः ओतले, घासले. भगिनी कॅरोलिन यांची या कार्यात मोलाची साथ होती. १३ मार्च १७८१ रोजी त्यांनी युरेनस ग्रह शोधला. राजे तिसरे जॉर्ज यांनी त्यांना वार्षिक २०० पौंडांचे वेतन दिले.

सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा वापरताना प्रकाश आणि उष्णता सारख्या प्रमाणात येत नाहीत, असे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी लोलकातून पाडलेल्या वर्णपटात तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वाधिक चढला. विहिरीचे व समुद्राचे पाणी ही उष्णता किती अडविते, हेही त्यांनी मोजले.

जॉन लेस्ली यांनी हा तापलेल्या हवेचा परिणाम ठरवून शोध अमान्य केला. पुढील प्रयोगांनी हर्शेल यांचे निरीक्षण खरे ठरविले. मात्र प्रकाश आणि ही उष्णता भिन्न आहेत, हा त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. दोन्ही एकाच जातीचे किरण असल्याचे नंतर सिद्ध झाले.

पाणी सुमारे १.९४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण विशेष शोषते, तर १.८ मायक्रॉनच्या आसपासचे कमी. कागदावरून परतणाऱ्या अथवा आरपार जाणाऱ्या या दोन किरणांची तुलना केली की स्पर्शाविना ओलावा कळतो. त्यानुसार वाळवणीच्या रुळांतील वाफ कमी-अधिक करता येते. कागद आणि इंधन दोन्ही वाचतात.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाऊ येथे वयाच्या ८३ व्या वर्षी हर्शेल यांचे निधन झाले. जग त्यांना युरेनसमुळे ओळखते. कारखानदारीवर मात्र त्यांचे मोठे ऋण आहे ते तांबड्यापलीकडे ठेवलेल्या त्या तापमापकाचे.