मुंबईला प्लेगची लस देणारे हाफकिन आणि जमिनीवर पडलेला एक चिमटा

गोष्ट १८९६ सालची. मुंबईत प्लेग शिरला. मांडवीत माणसं पटापट मरू लागली, लोक गाव गाठायला पळू लागले. तेव्हा सरकारने भारतात कॉलऱ्याची लस टोचत फिरणाऱ्या एका शास्त्रज्ञाला बोलावलं. नाव वाल्डेमार हाफकिन.

१८६० साली ओडेसाच्या ज्यू कुटुंबात जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला हलली.

पण ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात घात झाला. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिली होती.

चौकशीत ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. मात्र साक्षीतच एक गोष्ट नोंदली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळला नाही, आगीवरही धरला नाही, नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला. शिवाय बाटली उघडताना वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत वाढत असते, तर दुर्गंधी आली असती.

मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी आवाज उठवला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले आणि कलकत्त्यात कामावर परतले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले.

नर्सिंगमध्ये पाच गोष्टी पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. मुलकोवालमध्ये माणसं गेली ती यातलं काही चुकल्यामुळे नव्हे, तर एका अस्वच्छ चिमट्यामुळे. आणि दोष एकाच बाटलीपर्यंत पोचला, कारण कुणाला कोणत्या बाटलीतून लस दिली याची माहिती होती.

म्हणून जोगेश्वरीच्या दवाखान्यात सिस्टर इंजेक्शनआधी हात धुते, नवीन सुई फोडते, बॅच नंबर लिहून घेते, तेव्हा उशीर होतोय म्हणून घाई करू नका. जमिनीला लागलेली वस्तू कुणी पुन्हा वापरताना दिसलं, तर मात्र बिनधास्त थांबवा.